काटा फक्त कारखान्याचाच तपासायचा का?



गळीत हंगाम जवळ आला की फुलसावंगीच्या पारावर एकच विषय निघतो, तो म्हणजे वजनकाटा. काटा बरोबर आहे का, तपासणी झाली का, शिक्का आहे का? हे विचारणे सभासदाचा हक्कच आहे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली काट्याची मुदतीने फेरतपासणी बंधनकारकही आहे. पण दुसरा एक काटा आहे, त्याकडे आपले लक्षच नसते. तो म्हणजे जीपच्या, ट्रकच्या, फटफटीच्या मीटरचा काटा. विचारले तर उत्तर ठरलेले : "मीटर काय पाहता भाऊ, गाडी तं पळते ना!"

आमचे म्हणणे असे की, हा काटाही सभासदाच्या खिशाशी बांधलेला आहे. ऊस वाहतुकीचा दर अंतरावर ठरतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून वजा होतो. बहुतेक कारखान्यांत तो सरासरीने सगळ्यांच्याच बिलात पडतो. मग ज्या गाडीच्या मीटरवर शिवार ते गव्हाण हे अंतर मोजले, ते मीटरच जादा दाखवत असेल, तर एका फडाची चूक सगळ्या सभासदांनी भरायची.

चूक होते कशी, ते समजून घ्या. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायरचे एका किलोमीटरला सुमारे ५३० फेरे होतात. त्या जागी स्वस्त मिळाला म्हणून ५७ सेंटिमीटरचा टायर बसवला, की तेवढ्याच रस्त्याला सुमारे ५५८ फेरे होतात. म्हणजे २० किलोमीटरचा रस्ता मीटरवर २१ भरतो. टायर झिजून व्यास सव्वा सेंटिमीटरने घटला, तरी शेकडा दोनचा फरक पडतो. डिझेलचा ॲव्हरेज आणि भाड्याचा हिशेब त्याच प्रमाणात खोटा होतो.

वेगाच्या काट्याची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या मीटरमध्ये केबलने लोहचुंबक फिरतो, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली किंवा मुरगळली समजा. ती काढून साफ करा आणि बेताचे ग्रीस द्या. काटा आणि आकडे दोन्ही बंद पडले तर बहुधा केबल तुटलेली असते. आकडे बरोबर फिरतात पण काटाच खोटा सांगतो, तर दोष मीटरच्या आत आहे. स्प्रिंग ढिली झाली तर काटा जादा दाखवतो, चुंबक कमजोर झाला तर कमी. हे काम मीटरवाल्याकडेच द्यावे. नव्या गाड्यांत केबल नसते, तिथे सेन्सर आणि वायरी तपासाव्यात.

कमी दाखवणारा काटा सर्वांत वाईट. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात काट्याने थोडा जादा वेग दाखवलेला चालतो, कमी दाखवलेला मुळीच चालत नाही. कारण उघड आहे. काटा ५० सांगतो आणि गाडी ६० ने धावते, तेव्हा ब्रेक दाबल्यावर थांबायला जवळजवळ दीडपट रस्ता लागतो. हंगामात महागाव-उमरखेडवरून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गावर रात्री पुढे उसाची ट्रॉली असते, आणि तिला मागचा लाल दिवा असेलच असे नाही. यंत्राचा वेग हा खेळ नव्हे, हे फुलसावंगीला सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत गावाने आपला एक कसबी तरुण गमावला आहे.

तपासायला पैसा लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर धरा आणि शेजाऱ्याला घड्याळ धरू द्या. एक किलोमीटरला बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत. ६६ लागले तर खरा वेग साडेचोपन्नच आहे. दगड मागेपुढे असू शकतात, म्हणून पाच किलोमीटरची वेळ घ्यावी. मोबाईलच्या जीपीएसशीही ताडून पाहावे.

कारखान्यापुढे आमच्या दोन सूचना आहेत. एक, कारखान्याच्या रस्त्यावर साखळीने मोजून एक किलोमीटरच्या खुणा रंगवाव्यात, म्हणजे कुणालाही आपले मीटर ताडता येईल. दोन, अंतर मोजणाऱ्या गाडीचे मीटर हंगामापूर्वी या खुणांवर सभासदांसमक्ष तपासावे, आणि गावोगावच्या अंतरांचा तक्ता गट ऑफिसात लावावा. यात खर्च काय तो रंगाच्या डब्याचा.

सभासदांनीही आपल्या गाडीचे मीटर आधी नीट करून घ्यावे आणि मगच वार्षिक सभेत हा विषय मांडावा. कारखान्याच्या काट्याला जाब विचारणाऱ्याच्या घरचे मापही खरे असावे, एवढेच आमचे सांगणे.