विमाने नवी, हँगर कोणाचे?

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे एक जम्बो जेट मुंबई विमानतळावरून अमेरिकेस रवाना झाले. ते विकले गेलेले होते. आकाशात चढताना वैमानिकाने पंख हलवून शहराचा निरोप घेतला आणि त्याची चित्रे वृत्तपत्रांनी हौसेने छापली. पुढे तीनच महिन्यांनी, १६ जुलै रोजी, त्याच विमानतळाच्या कलिना बाजूस सामान उचलणाऱ्या हमालांच्या सुमारे दोन हजार जागांसाठी थेट भरती होती. उमेदवारांचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात असल्याचे सांगितले गेले. चेंगराचेंगरी होईल या भीतीने अर्ज तेवढे ठेवून घेऊन तरुणांना परत पाठवावे लागले. काम कंत्राटी, पगार वीस-पंचवीस हजारांचा, आणि रांगेत पदवीधरही उभे होते. जम्बोच्या चित्रांपेक्षा या रांगेचे चित्र आम्हांस अधिक बोलके वाटते.

एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या ताफ्याचे पुढे काय होणार, याची चर्चा सध्या मोठ्या उत्साहाने चालली आहे. टाटा समूहाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदविली. त्यांतील सत्तर रुंद कायेची, म्हणजे महासागर ओलांडणारी आहेत : चाळीस एअरबस ए-३५०, वीस बोइंग ७८७ आणि दहा बोइंग ७७७-एक्स. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी दहा ए-३५० ची भर पडली. आकडे दिपवून टाकणारे आहेत. परंतु विमान म्हणजे केवळ आसने, पडदे आणि जाहिरातीतील हसरे चेहरे नव्हेत. विमान दर काही दिवसांनी तपासावे लागते, काही वर्षांनी संपूर्ण उघडून पुन्हा जोडावे लागते, आणि हे काम करणारे हात कोठल्या गावचे, कोणाच्या नोकरीतले व किती सुरक्षित, या प्रश्नाला या चर्चेत जागाच नाही.

मुंबईच्या उपनगरांना या प्रश्नाचे उत्तर एके काळी ठाऊक होते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हापासून सांताक्रूझ हे या धंद्याचे माहेरघर झाले. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि १९७१ च्या एप्रिलमध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जम्बो सांताक्रूझला उतरले. प्रत्येक नव्या विमानाबरोबर जुन्या कलिन्याच्या कर्मशाळांतील कामगाराने नवी विद्या आत्मसात केली. कुर्ला, घाटकोपर, अंधेरी येथून लोकलने वा बसने येणारा फिटर, शीटमेटलचा कारागीर, इंजिनाचा तंत्रज्ञ ही भांडवलदाराची देणगी नव्हती. सार्वजनिक पैशाने आणि कामगाराच्या बुद्धीने उभे राहिलेले ते राष्ट्रीय धन होते. १९९० मध्ये आखाती युद्धाच्या तोंडावर कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले गेले, तेव्हा त्या धनाचा उपयोग काय हे देशाने पाहिले. त्या परतणाऱ्यांत आमच्या कोकणातलेही होते. विमान हे केवळ श्रीमंतांचे वाहन, असे आपल्या चळवळीतही पुष्कळ दिवस मानले गेले. ती आमची चूक होती.

दुसरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सरकारी मालकी म्हणजे आपोआप लोकांची मालकी होत नाही. जनता पक्षाच्या राजवटीत नागरी विमान वाहतूक खाते पुरुषोत्तम कौशिक या समाजवादी मंत्र्याकडे होते. १९७८ मध्ये जे. आर. डी. टाटांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले, पण कारभारात कामगारांना वाटा देण्याचे काम काही त्यातून झाले नाही. पुढे २००५ साली तर कहरच झाला. मुळातला २८ विमानांचा प्रस्ताव वाढवून ६८ बोइंग विमानांचा करार झाला, तोही जवळजवळ सारा कर्जाच्या बळावर. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. लांब पल्ल्याची आठ बोइंग ७७७-२०० एलआर घेतली आणि काही वर्षांतच त्यांपैकी पाच एका आखाती कंपनीला विकून टाकली. ताफा कसा वाढवावा हे मंत्री आणि विक्रेते ठरवीत होते. हँगरमधल्या माणसाला कोणी विचारले नाही. कर्जाचा डोंगर मात्र ‘आळशी सरकारी नोकरा’च्या नावावर मांडला गेला.

मग विक्री झाली. १८,००० कोटींच्या बोलीतले रोख केवळ २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे कर्जाचा वाटा. एकूण कर्ज ६१,५६२ कोटींचे. त्यांतील ४६,२६२ कोटी सरकारी कंपनीच्या, अर्थात तुमच्या-आमच्या माथी राहिले. २७ जानेवारी २०२२ रोजी विमाने टाटांकडे गेली. आणि गंमत अशी की, आज त्याच एअर इंडियात २५.१ टक्के भागभांडवल सिंगापूर एअरलाइन्सचे आहे, जिची बहुसंख्य मालकी सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक संस्थेकडे आहे. म्हणजे सरकारने विमाने चालवू नयेत हा नियम केवळ भारत सरकारला लागू, सिंगापूरच्या सरकारला नव्हे!

कामगारांच्या वाट्याला काय आले ते कलिन्याच्या वसाहतीत जाऊन पाहावे. घरे रिकामी करण्याच्या नोटिसा निघाल्या, २०२२ मध्ये उच्च न्यायालयात संघटनांच्या याचिका टिकल्या नाहीत, आणि जानेवारी २०२४ मध्ये रहिवाशांच्या विरोधाला न जुमानता पाडकाम सुरू झाले.

आता नव्या विमानांकडे वळू. जम्बोला चार इंजिने होती. ए-३५० आणि ७८७ ला दोनच. इंधन कमी लागते, हे चांगलेच आहे, आणि यंत्राला विरोध करणारे आम्ही नव्हे. परंतु या विमानांच्या रचनेत सुमारे निम्मे वजन कार्बन-तंतूच्या संमिश्र द्रव्याचे आहे. रिव्हेट ठोकून पत्रा जोडणाऱ्या हाताला येथे निराळी विद्या लागते, निराळे वातानुकूलित दालन लागते, वर्षभराचे शिक्षण लागते. ते कोण देणार? देखभालीची जुनी सरकारी कंपनी, एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, विक्रीतून बाहेर राहिली. मुंबईचे हँगर आणि २००५ च्या कराराचा भाग म्हणून बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये उभारून दिलेले देखभाल केंद्र तिच्याकडे आले. पण तिलाही विकण्याचा इरादा दिल्लीने लपविलेला नाही. इकडे एअर इंडियाने आपल्या स्वतःच्या देखभाल केंद्राची पायाभरणी २०२४ मध्ये बंगळूरला केली. पहिले ए-३५० तर गुजरातमधील गिफ्ट सिटीतल्या आपल्याच उपकंपनीमार्फत भाडेपट्ट्याने घेतले. जुन्या २६ बोइंग ७८७-८ विमानांचे अंतरंग बदलावयाचे ठरले, तेव्हा त्यांतले पहिले जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिलला धाडण्यात आले. आसने काढून नवी बसविण्याचे काम! हेच काम करणारा माणूस कुर्ल्यात घरी बसतो, त्याचा मुलगा कलिन्याच्या रांगेत उभा राहतो, आणि विमान दुरुस्तीसाठी प्रशांत महासागराच्या किनाऱ्याकडे जाते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस ७८७-८ कोसळून २६० जणांचे प्राण गेले. त्या अपघाताच्या कारणांविषयी येथे तर्क लढविणे उचित नव्हे. पण देखभालीकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहता येत नाही, एवढे तरी त्या दिवसानंतर कोणास पटवून द्यावे लागू नये.

देखभालीची सरकारी कंपनी विकू नये. तिला ए-३५० व ७७७-एक्ससाठी सुसज्ज करावे आणि तिच्या संचालक मंडळावर कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. मुंबई व नागपूर येथे दरवर्षी आयटीआयच्या मुलांना ठरलेल्या संख्येने शिकाऊ उमेदवारी मिळावी आणि सामान उचलणाऱ्यांची कंत्राटे संपवून त्यांना कायम करावे. या मागण्या घेऊन आपल्या अंधेरी, घाटकोपर व कुर्ल्याच्या शाखांनी विमानतळ कामगारांच्या संघटनांशी पक्षभेद बाजूस सारून बोलणी सुरू केली पाहिजेत. वेळ फार नाही. २०२५ मधील घोषणेप्रमाणे कंपनीच्या तेरा जुन्या बोइंग ७७७-३०० ईआर विमानांच्या नूतनीकरणास २०२७ मध्ये आरंभ व्हावयाचा आहे. ती तेरा विमाने कोणत्या हँगरात जाणार, हा प्रश्न आतापासूनच कंपनीला आणि मंत्रालयाला लेखी विचारावा.