अर्थची पिन तोडू नका!

म्हैसूर आणि घरगुती ध्वनियंत्रे यांचे नाते जुने आहे. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून चक्क एक रेडिओ केंद्र सुरू केले. त्याचे नाव 'आकाशवाणी'. पुढे हेच नाव देशभरच्या सरकारी रेडिओचे झाले. अशा शहरात आजही कुणी हौसेने घरीच अॅम्प्लिफायर जुळवत असेल, तर त्यात नवल ते काय? बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून सुटे भाग आणायचे, चार रविवार सोल्डरिंग करायचे आणि मग घरभर सूर घुमवायचे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली पालथी घालणाऱ्यांची हौसही हीच.

मात्र या हौसेत सगळे लक्ष आवाजाकडे असते. ज्या वायरीने २३० व्होल्टची वीज डब्यात येते, ती बहुधा अडगळीतून काढलेली असते. डबा बनवणाऱ्या मुलाला कुठे हात लावायचा नाही हे पाठ असते. "आई, मागच्या बाजूने फडके मारू नकोस हं," असे तो बजावतोही. पण रोज धूळ पुसणाऱ्या आईने किंवा मागे गेलेला चेंडू शोधणाऱ्या धाकट्या भावाने ते किती दिवस लक्षात ठेवायचे? म्हणून घरातल्या कुणीही, कधीही हात लावला तरी धक्का बसणार नाही, अशीच जोडणी हवी.

डब्यात वीज कशी आणाल?

नवशिक्यांसाठी उत्तम मार्ग म्हणजे २३० व्होल्ट डब्यात आणूच नयेत. लहान अॅम्प्लिफायरचे तयार बोर्ड १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात. त्यासाठी बीआयएस नोंदणीची खूण असलेला चांगला अॅडॅप्टर घ्यावा.

मोठा ट्रान्सफॉर्मर बसवायचाच असेल, तर संगणकाला असते तशी तीन पिनांची जोडणी निवडावी. डब्यावर बसतो तो सी-१४ आणि वायरीच्या टोकाला असतो तो सी-१३. ही जोडी १० अँपिअरची असते. दोन्ही बाजूंना १०० वॉट देणारा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ४०० वॉट ओढतो असे धरले, तरी प्रवाह दोन अँपिअरच्या आतच राहतो. रेडिओला असते ती आठच्या आकड्यासारखी दोन पिनांची वायर इथे चालणार नाही. तिच्यात अर्थची तारच नसते आणि ती दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांसाठीच असते. घरी बनवलेल्या धातूच्या डब्याला अर्थ हवाच.

एक नियम कायमचा लक्षात ठेवावा. ज्या टोकाला वीज असते तिथे नेहमी भोकांचे सॉकेट असावे, उघड्या पिना कधीच नसाव्यात. दोन्ही टोकांना टॉप लावलेली वायर म्हणजे साक्षात मृत्यूला आमंत्रण! तसेच स्पीकरच्या वायरीला टू-पिन टॉप लावण्याची सवय सोडावी. घाईत कुणी तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला, तर स्पीकर तर जाईलच, पण आग लागण्याचीही भीती असते. माइकची किंवा स्पीकरची पिन विजेसाठी वापरू नये आणि विजेची पिन त्यांच्यासाठी वापरू नये.

वायर कोणती घ्याल?

आयएसआय मार्कची, तीन तारांची गोल वायर घ्यावी. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. घरगुती अॅम्प्लिफायरला ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर पुरते. आवाज गोड होतो असे सांगून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या वायरींच्या मोहात पडू नये. वीज भिंतीतल्या साध्या वायरीतूनच आलेली असते. शेवटचा मीटरभर तुकडा सोन्याचा केला म्हणून गाणे सुधारत नाही.

आपल्याकडच्या टॉपमध्ये फ्यूज नसतो आणि घरातला एमसीबी भिंतीतल्या वायरी वाचवण्यासाठी असतो. म्हणून डब्यातच फेजच्या तारेवर फ्यूज हवा. आतच फ्यूजची खाचणी असलेला सी-१४ मिळतो, तो घ्यावा. ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, म्हणून सावकाश वितळणारा फ्यूज मागावा. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नये. ते दाबाने हळूहळू चपटे होते, जोड सैल पडतो आणि तापू लागतो. त्याऐवजी थिंबल दाबून बसवावे.

ती भुणभुण आणि तो मोह

आता खरा धोका. अॅम्प्लिफायर सुरू केला की स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. मग कुणीतरी जाणकार सल्ला देतो, "अर्थची पिन काढून टाक, आवाज बंद!" आवाज खरोखरच बंद होतो आणि म्हणूनच हा सल्ला घातक आहे. पुढे एखादी फेजची तार सुटून डब्याला टेकली, तर फ्यूज उडत नाही. डबा गुपचूप २३० व्होल्टवर उभा राहतो, हात लावणाऱ्याची वाट पाहत.

ही भीती काल्पनिक नाही. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थ नसलेल्या माइकला हात लावताच मंचावर मरण पावला. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ १९७६ साली घरीच गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. त्याच्या गिटारचे अर्थिंग नीट नव्हते. दोघेही रोज या यंत्रांशी खेळणारे होते!

भुणभुण घालवायचे मार्ग वेगळे आहेत. सगळी यंत्रे एकाच बोर्डवर लावावीत. आतल्या ग्राउंडच्या तारा एका बिंदूवर आणाव्यात. सिग्नलची वायर ट्रान्सफॉर्मरपासून लांब न्यावी. हिरव्या-पिवळ्या तारेला मात्र हात लावू नये. ती रंग खरवडून, दातेरी वॉशर आणि दोन नट लावून डब्याला घट्ट कसावी. आत ती इतर तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी सुटेल. वायर डब्यात शिरते तिथे पकड हवी आणि भोकाला रबरी ग्रॉमेट हवे.

पहिल्यांदा बटण दाबण्याआधी घरातले अर्थिंग चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. डबा उघडताना टॉप काढूनही थोडे थांबावे, कारण कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. अॅम्प्लिफायर तयार झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारावा: घरातल्या सर्वांत लहान मुलाने याला हात लावला तर चालेल का? उत्तर 'हो' असेल, तरच गाणे लावावे.