उंदराचा पिंजरा : पकडायचा नव्हे, राहायचा



आपल्या चाळीत ‘उंदराचा पिंजरा’ म्हटले की भज्याचा तुकडा अडकवून ओट्याखाली लावलेला, रात्री खटकन बंद होणारा पिंजराच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे शाळकरी पोराने “आई, मला उंदीर पाळायचाय” म्हटले की आजी कपाळावर हात मारते. “आहेत ते कमी आहेत का?” आजीचा सवाल रास्त आहे. पण पाळीव उंदीर म्हणजे गटारातला उंदीर नव्हे. माणसाच्या घरात आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली ही जात. ती माणसाळते, हाका ओळखते, खांद्यावर येऊन बसते. जगते मात्र दोन-तीन वर्षेच. हे पोराला आधीच सांगून ठेवावे.

हल्ली मुले ‘बुटका उंदीर’ मागतात. हा उंदीर म्हणजे पिल्लू नव्हे, की छोट्या जातीची चिचुंद्रीही नव्हे. त्याच्या अंगात वाढीचे संप्रेरक जन्मतःच कमी असते, म्हणून पूर्ण वाढ होऊनही तो लहानच राहतो. साधा नर अर्धा किलोपर्यंत भरतो, बुटका त्याच्या निम्म्याहूनही कमी. आता खरी अडचण पुढेच आहे. पाच-सहा आठवड्यांचे साधे पिल्लू आणि बुटका उंदीर शेजारी ठेवले तर आपल्याला फरक कळत नाही. दुकानदाराने ‘बुटका’ म्हणून दिलेला तीन महिन्यांत वीतभर झाला तर तक्रार कोणाकडे करणार? म्हणून पिंजरा घेताना एकच हिशेब ठेवावा : गजांमधली फट लहान उंदराच्या मापाची, आणि जागा मोठ्या उंदराच्या मापाची. म्हणजे कसाही निघाला तरी पिंजरा वाया जात नाही.

फटीचे आधी. उंदराचे डोके जिथून जाते तिथून सारे अंग जाते. साध्या मोठ्या उंदराला अर्ध्या इंचाची फट चालते. बुटक्याला आणि पिल्लांना त्याहून बारीक हवी. दुकानात जाताना पोराच्या कंपासपेटीतल्या दोन पेन्सिली न्याव्यात. गजांमधून एक पेन्सिल जाईल, पण दोन शेजारी-शेजारी धरून जात असतील तर तो पिंजरा घेऊ नये. पोपटाचा जुना पिंजरा बहुतेक याच परीक्षेत नापास होतो. (पोपटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, आपल्याकडचा रानपोपट घरात पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.)

जागा किती? दोन उंदरांना अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच एवढी तरी हवी. दोनच का म्हणाल, तर एकटा उंदीर झुरतो. पण दोघे एकाच लिंगाचे असावेत. पाच-सहा आठवड्यांतच ते वयात येतात, मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी आठ-दहा पिल्ले देते. दहा बाय दहाच्या खोलीत हा संसार कोण सांभाळणार?

वेल्डरकडून पिंजरा करून घेतला तर स्वस्त पडतो. जाळीची टोके आत राहू देऊ नयेत. दार एवढे मोठे हवे की कोपरापर्यंत हात आत जाईल, नाहीतर साफसफाईचा कंटाळा येतो आणि त्याचे हाल मुक्या जिवाला भोगावे लागतात. साधी कडी उंदीर दातांनी उचलतो, म्हणून हुक किंवा तारेचा पीळ हवाच. तळाला नुसती जाळी असू नये. जाळीवर सतत चालून तळपायाला फोड येतात, ते चिघळतात आणि लवकर बरे होत नाहीत. जाळीवर प्लॅस्टिकचा ट्रे, नाहीतर जाड पुठ्ठा घालावा.

गेल्या खेपेला माशांच्या काचेच्या टाकीविषयी लिहिले होते. तीच रिकामी टाकी उंदराला द्यावी, असे कुणाच्या मनात येईल. देऊ नये. उंदराच्या लघवीतून अमोनियाचा उग्र वायू निघतो. काचेच्या टाकीत तो कोंडतो, आणि आपल्या नाकाला वास लागण्याच्या आधीच उंदराच्या फुप्फुसाला तो भोवतो. पाळीव उंदीर मरतात ते बहुधा श्वासाच्या आजाराने. शिंका, घरघर, नाकाभोवती तांबूस चिकटा दिसला की जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

अंथरायला साध्या कागदाच्या फाडलेल्या पट्ट्या चांगल्या. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण नको : देवदार-चीडच्या लाकडाचा वास आणि प्लायवुडची धूळ दोन्ही छातीला वाईट. ओला कोपरा रोज काढावा, सगळे आठवड्यातून एकदा बदलावे.

आत काय ठेवावे? लपायला जागा हवीच. आडवे ठेवलेले लहान मडके उत्तम. उन्हाळ्यात ते गारही राहते. आईच्या जुन्या सुती लुगड्याची झोळी चारही कोपऱ्यांना बांधली की दोघे तिच्यात गुंडाळून झोपतात, पण कडा दुमडून शिवाव्यात. सुटा दोरा पायात गुंडाळला तर पाय जातो. पळायचे चाक घेतलेच तर सपाट पाळीचे घ्यावे, तारांचे नको, त्यात शेपूट अडकते. पाण्याची बाटली बाहेरून लटकवावी.

पिंजरा चुलीपासून, फोडणीच्या धुरापासून, अगरबत्ती व डासांच्या कॉइलपासून दूर हवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर तर मुळीच नको. उंदराला घाम येत नाही, तो उन्हाने लवकर मरतो. एप्रिल-मे महिन्यांत बाटलीत बर्फ करून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावी.

आजीच्या सवालाचे उत्तरही याच जागेत आहे. बाहेरचा उंदीर पाळीव उंदराच्या खाण्याच्या वासाने येतो आणि लेप्टोसारखे रोग लघवीवाटे देऊन जातो. म्हणून पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून सुटा ठेवावा, आणि उरलेले दाणे रात्री काढून टाकावेत. घरात उंदराचे विष ठेवले असेल तर ते आधी काढावे. पिंजऱ्यात हात घातल्यावर पोराने साबणाने हात धुतलेच पाहिजेत. उंदीर चावून ताप आला तर डॉक्टरांना उंदराचे न विसरता सांगावे.

पिंजरा आधी आणून, सगळे लावून ठेवावे, मग उंदीर आणावेत. पहिले दोन-तीन दिवस आत हात घालू नये. संध्याकाळी पिंजऱ्याजवळ बसून अभ्यास करावा, म्हणजे आवाज ओळखीचा होतो. मग चिमटीत शिजलेला वाटाणा धरून बघावा.