पहिल्या सरीत पट्टे धुऊन जात नाहीत



पाण्याच्या रंगाने मारलेले रस्त्यावरचे पट्टे पहिल्याच सरीत वाहून जातील, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा आक्षेप घरच्या डिस्टेंपरला शोभेल. या रंगात अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात सुटे राहतात, ते अमोनियामुळे. रंग डांबरावर पडला की अमोनिया उडतो (नाकाला झोंबतो तो वास त्याचाच), कण एकमेकांना बिलगतात आणि पाणी पुरते सुकण्याआधीच थर धरतो. कोरड्या हवेत काही मिनिटांत वाहने सोडता येतात. एकदा बसलेला थर पुन्हा पाण्यात विरघळत नाही.

खरी अडचण पत्रलेखकाच्या नजरेतून सुटली: दमट हवा. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की सुकणे रेंगाळते. जुलैत कोकणात हे काम काढणाऱ्याला कोणताच रंग तारणार नाही.

रात्री पट्टा चमकतो तो ओल्या थरावर शिंपडलेल्या काचेच्या मण्यांमुळे. ते निम्म्याहून थोडे अधिक रुतावेत. कमी रुतले तर चाकाखाली निखळतात, पार बुडाले तर प्रकाश परतवत नाहीत.

या रंगापेक्षा थर्मोप्लास्टिकचा पट्टा जास्त टिकतो, हे मान्य. पण तो सुमारे २०० अंशांपर्यंत तापवावा लागतो, भर रस्त्यात. त्या धगीजवळ उभ्या मजुरांचा गेल्या अंकातील पत्रात उल्लेखही नाही.

— एक वाचक, रत्नागिरी