सुट्टीचं अंतर सूर्यास्तात मोजा



मुलांचे निकाल लागले की आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत आणि टॉवरच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न सुरू होतो: "मग, यंदा कुठे?" मे महिन्यात विमानाच्या तिकिटाकडे बघवत नाही. रेल्वेचं आरक्षण उघडतं त्याच सकाळी संपतं. राहते ती घरची गाडी. सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येईल अशी ठिकाणं गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांना पाठ आहेत. लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर, अलिबाग आणि नाशिक.

यातून निवडायचं कसं? पुरुष मंडळी किलोमीटर आणि टोल मोजतात, मुलं वॉटरपार्क मोजतात. माझं मत असं की आपण सूर्यास्त मोजावा. आणि त्याच्या जोडीला एक प्रश्न विचारावा: या तीन दिवसांत घरातली बाई किती वेळा इंडक्शनपाशी उभी राहणार?

आधी मे महिनाच का, ते सांगते. पावसाळ्यात जाऊ, तेव्हा हिरवंगार असतं, असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. पण ते हिरवंगार म्हणजे पायवाटेवरचं शेवाळ असतं. त्यावर पाय द्यायचा नाही म्हणून आपल्या मोठ्यांनी पावसाळ्यातलं फिरणं कमी केलं, आणि आषाढी चौदसेला चातुर्मास बसला की बऱ्याच घरांत गावाबाहेर जाणंच बंद होतं. मग पर्युषण, मग शाळेच्या परीक्षा. तिकडे 21-22 जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागलं की अनेक घरांत आंबाही बंद. म्हणजे मुलांची सुट्टी, आंबा आणि मोकळा प्रवास हे तिन्ही एकत्र येतात ते मेमध्ये आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. हे पाच-सहा आठवडे वर्षातून एकदाच मिळतात, म्हणून ठिकाण विचार करून ठरवायचं.

आता सूर्याचा हिशोब. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्योदय साधारण 6 वाजून 5 मिनिटांनी होतो आणि सूर्यास्त 7 वाजून 5 मिनिटांच्या आसपास. नवकारशीची 48 मिनिटं धरली तर सकाळी सातला जरा कमी असताना तोंडात पाणी जाऊ शकतं. संध्याकाळी चौविहार करणाऱ्याचं जेवण साडेसहाला पानात असायला हवं, म्हणजे शेवटचं पाणी घाईघाईत प्यावं लागत नाही. याचा अर्थ, जे ठिकाण आपल्याला संध्याकाळी सहापर्यंत ताटावर बसवू शकत नाही ते आपल्यासाठी लांबच आहे, नकाशावर ते कितीही जवळ दिसो.

या मापाने महाबळेश्वर बघा. मुंबईहून सुमारे 260 किलोमीटर. कागदावर पाच-साडेपाच तास. पण मे महिन्यातल्या शनिवारी खंडाळ्याच्या घाटात एकदा, पुण्याबाहेर दुसऱ्यांदा आणि वाईच्या वर पसरणीच्या घाटात तिसऱ्यांदा गाडी अडकते. सकाळी सातला निघालेलं कुटुंब चार वाजता खोलीत पोचतं, सहाला खाली येतं आणि साडेसहाला हॉटेलवाल्याला विनवत असतं. गेल्या वर्षी तिकडच्याच एका हॉटेलात आम्ही "सूर्यास्तापूर्वी जैन जेवण" आधी सांगून ठेवलं होतं. ताटं आली पावणेआठला. मुलं जेवली. सासूबाई आणि मी पाणीही न पिता खोलीत परत आलो. त्या हॉटेलवाल्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याच्या स्वयंपाकघराचं घड्याळच रात्री आठचं होतं. गर्दीच्या हिल स्टेशनवर हे असंच असणार. म्हणून महाबळेश्वरला जायचं तर चार रात्री हाताशी हव्यात आणि जाणं-येणं आडवारी हवं. तीन दिवसांसाठी नकोच.

माथेरान जवळ आहे, थंड आहे आणि मला मनापासून आवडतं. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि ते इंग्रजांचं हवा खाण्याचं ठिकाण झालं. 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून छोटी गाडी नेली. वर मोटारी नाहीत, हेच त्याचं सुख. पण आपली गाडी दस्तुरी नाक्याला थांबते, आणि पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून जायचं असतं. घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी असेल आणि शटल गाडी किंवा ई-रिक्षा मिळाली नाही, तर उरतो घोडा. उन्हात दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या घोड्याच्या पाठीवर आपण मुलाला बसवायचं आणि रात्री त्यालाच जीवदयेची गोष्ट सांगायची, हे मला जमत नाही. हातरिक्षेबद्दल तर ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच आदेश दिला की माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा. सगळे चालणारे असतील तर माथेरानसारखं ठिकाण नाही. सोबत सासू-सासरे असतील तर मात्र दोनदा विचार करा.

अलिबाग आता आपल्या भागाला शेजारघरासारखं झालंय. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू उघडला, त्याचं एक टोक शिवडीला, म्हणजे परळ-लालबागच्या उंबरठ्यावर. नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला उतरता येतं, आणि मुलांना त्या तासाभराच्या बोटीचं समुद्रकिनाऱ्यापेक्षा जास्त कौतुक असतं. पण मेमधला किनारा म्हणजे आपल्याच गिरगाव चौपाटीचा घाम, फक्त भाड्याच्या खोलीत. शिवाय तिथल्या बहुतेक घरगुती खानावळींत मासळी शिजते. दोष त्यांचा नाही, ते त्यांचं अन्न आहे. पण मग आपण वेगळी भांडी, वेगळा गॅस मागतो, आणि शेवटी बंगल्याच्या स्वयंपाकघरात उभं कोण राहतं? आपणच. मुंबईत स्वयंपाक करायचा तो मांडव्याला जाऊन केला, याला सुट्टी म्हणत नाहीत.

लोणावळ्यावर मी अन्याय करणार नाही. मावळात पाले गावाजवळच्या लेण्यात "नमो अरहंतानं" या शब्दांनी सुरू होणारा ब्राह्मी शिलालेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. रोज आपण ज्या शब्दांनी नवकार सुरू करतो ते सह्याद्रीच्या दगडात इतकी वर्षं बसलेत, हे मुलांना दाखवायलाच हवं. पण तो चढ डिसेंबरातला. मेमध्ये तिथला दगड तापतो आणि सावली नाही.

म्हणून यंदा मी नाशिकच्या बाजूने आहे.

पहिलं कारण रस्ता. दादरहून नाशिक साधारण 165 किलोमीटर. पहाटे सव्वापाचला निघालात तर ठाणे-भिवंडीचा ट्रकांचा पट्टा गर्दी सुरू होण्याआधी मागे पडतो आणि पावणेसातच्या सुमारास तुम्ही शहापूरला मानस मंदिरापाशी असता. नवकारशीची वेळ नेमकी तिथेच होते. दर्शन, नाश्ता, मुलांचे पाय मोकळे. मग कसारा घाट ऊन चढण्याआधी, आणि नाशिकच्या अलीकडे महामार्गालाच लागून विल्होळीचं धर्मचक्र तीर्थ. दुपारचं जेवण तिथल्या भोजनशाळेत. म्हणजे अख्ख्या प्रवासात डबा उघडायची गरज नाही. परतताना हवं तर इगतपुरीहून समृद्धी महामार्ग घ्या. त्याचा आमणेपर्यंतचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि कसारा घाटाचा ताण गेला.

दुसरं कारण, तिथे प्रत्येकाचं काहीतरी आहे. मोठ्यांसाठी म्हसरूळची गजपंथ टेकडी, म्हणजे चामर लेणी. सात बलभद्रांची निर्वाणभूमी म्हणून दिगंबर परंपरेत तिला मोठा मान. चारशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्या सकाळी सातच्या आत चढायला घ्यायच्या. ज्यांना चढवत नाही त्यांनी पायथ्याच्या मंदिरात निवांत सामायिक करावं. विल्होळी श्वेतांबर आणि गजपंथ दिगंबर, त्यामुळे मुलांना एकाच सुट्टीत दोन्ही दिसतं. "इथे देवाला डोळे का लावले नाहीत? आंगी का नाही?" हे त्यांनी विचारू द्या. मुंबईत आपण आपापल्या देरासरात आणि आपापल्या मंदिरात जातो आणि मुलं मोठी होईपर्यंत हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

शाळकरी मुलांसाठी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. त्याच अंजनेरी गावात जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत आणि त्यातल्या एका मंदिरावर बाराव्या शतकातला यादवकाळचा शिलालेख आहे. त्यात मंदिराला दुकानांचं उत्पन्न दिल्याची नोंद आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही आपल्यासारखी दुकानदार माणसं गल्ल्यातला वाटा बाजूला काढत होती. दवा बाजारात किंवा काळबादेवीत ज्यांच्या घरचं दुकान आहे त्या मुलांना हे सांगून बघा, इतिहासाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळेल. तिसऱ्या दिवशी पांडवलेणी. ती मुळात बौद्ध लेणी, पण 11 क्रमांकाच्या लेण्यात आपल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. त्या शोधायला मुलांना पुढे पाठवा.

"अगं, पण नाशिकला मेमध्ये किती ऊन!" हो, पारा 38-40 अंशांवर जातो. पण ती कोरडी झळ, मुंबईचा चिकचिकाट नाही, आणि दिवस मावळला की हवा सुटते. शिवाय आपला दिवस तसाही पहाटे सुरू होतो. पाच ते दहा फिरावं, दुपारी आडवं व्हावं, चारला पुन्हा बाहेर. दुपारी दोन तास झोप मिळते ती आपल्यापैकी कितीजणींना वर्षभरात मिळते? मी तर उन्हाला धन्यवादच देते. त्याच बाजूची मांगी-तुंगी मात्र मेमध्ये टाळा. 2016 मध्ये प्रतिष्ठा झालेली ऋषभदेवांची 108 फुटांची मूर्ती बघावी अशीच आहे, पण तिथला चढ थंडीचा आहे आणि अंतरही तीन दिवसांत बसत नाही.

तिसरं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं. भोजनशाळा. आपण तिच्याकडे तीर्थाची सोय म्हणून बघतो. मी तिच्याकडे बाईची सुट्टी म्हणून बघते. गाळलेलं, उकळलेलं पाणी तयार, कंदमुळाचा प्रश्न नाही, सूर्यास्ताआधी ताट समोर, आणि "याच्यात काय काय घातलंय?" असं वेटरला विचारत बसायचं नाही. तीन दिवस आपल्या धर्माचं ओझं आपण एकटीने वाहत नाही. घरातल्या सगळ्यांचे नियम पाळले जावेत म्हणून एरवी एकच माणूस जागं असतं, आणि ते कोण हे सांगायला नको.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती बोलायलाच हवी. तीर्थ म्हणजे स्वस्त हॉटेल नव्हे. बॅगा धर्मशाळेत टाकायच्या, दिवसभर वॉटरपार्कात राहायचं, रात्री दहाला बाहेरची पाकिटं खोलीत उघडायची आणि वर व्यवस्थापकाशी चादरीवरून भांडायचं, हे मी पाहिलंय. ज्या घरांना खरोखर यात्रा करायची असते त्यांना मग खोली मिळत नाही. म्हणून माझा नियम असा: एक रात्र तीर्थावर, यात्रेकरूसारखी. पूजा, आरती, तिथल्या वेळा, तिथले कपडे. भोजनशाळेच्या खात्यात जेवणाच्या किमतीपेक्षा थोडं जास्तच लिहायचं. दुसरी रात्र नाशिक शहरात साध्या हॉटेलात, मुलांच्या आवडीने. तिथे पोहणं, टीव्ही, उशिरा उठणं, सगळं माफ. यात्रा आणि सहल दोन्ही हव्यात, पण एकमेकींच्या खोलीत शिरू नयेत. जाण्याआधी मात्र दोन्हीकडे फोन करून खोली आणि जेवणाच्या वेळा पक्क्या करा, मेमध्ये आयत्या वेळी काही मिळत नाही.

शेवटी पिशवीबद्दल. आपल्याकडे तीन दिवसांच्या सुट्टीसाठी बाई आधीचे तीन दिवस खाकरे, थेपले, सुकी भेळ, मेथीच्या मसाल्याचे डबे करत बसते आणि गाडीत बसते तेव्हा दमलेली असते. ठिकाण नीट निवडलं तर याची गरज उरत नाही. यंदा खाण्याची पिशवी एकच: दुकानातून आणलेले खाकरे, कोरडा नाश्ता, पाण्याचं गरणं, आणि पेटीतले डझनभर आंबे. बाकीच्या पिशव्या कोणी मागितल्या तर त्यांनी भराव्यात.

ठिकाण ठरवायला घरात बसाल तेव्हा टोलच्या आकड्याआधी हा प्रश्न टेबलावर ठेवा की संध्याकाळी साडेसहाला आपण कुठे जेवत असू आणि ते जेवण कोणी केलेलं असेल. ज्या ठिकाणाला याचं उत्तर देता येईल तिथे गाडी वळवा.