खारेपाटातील मुलांचा शेतीपाठ

आमच्या किनाऱ्यावरील शाळांतून शेतीचा धडा नाही, असे कोणी म्हणणार नाही. धडा आहे, चित्रे आहेत, प्रश्नोत्तरेही आहेत. परंतु अलिबाग-पेणकडील खारेपाटातल्या मुलास नांगराचे भाग मुखोद्गत असावेत आणि गावच्या बांधावरील उघाडीची झडप भरतीस मिटते व ओहोटीस उघडते ती कशामुळे, हे मात्र सांगता येऊ नये, ही स्थिती आम्हांस समाधानाची वाटत नाही.

ही जमीन आमच्या पूर्वजांनी खाडीपासून मिळविलेली आहे. चिखलमातीचा बांध घालावयाचा, पावसाने मीठ धुऊन काढावयाचे, ते पाणी उघाडीने बाहेर सोडावयाचे व मग मोड आणलेले भात फोकून पेरावयाचे, अशी ही शेती. बांधाची डागडुजी गावकरी मिळून करीत. त्या रीतीस 'जोळ' म्हणत. पुढे 1948 चा व 1979 चा असे खारजमिनीचे कायदे झाले, सरकारी खाते आले आणि जोळ मोडत गेली. खात्याचा पैसा आम्हांस हवाच आहे. पण खेकड्याचे बीळ खात्यास दिसत नाही; ते बांधावरून रोज चालणाऱ्यास दिसते. ते वेळीच बुजविले तर ओंजळभर चिखल पुरतो. न बुजविल्यास उधाणाच्या भरतीत तेथेच खांड पडते आणि पुढील कित्येक हंगामांचे भात जाते. ही नजर पुस्तकाने यावयाची नाही.

शिक्षणाची ही दिशा नवी नव्हे. 1937 साली वर्ध्यास महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडास गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. पाबळच्या विज्ञान आश्रमाने शेतीसह अनेक कामे शाळेच्या वेळापत्रकात बसवून दाखविली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याची सोय सुचविली आहे. ते दहा दिवस सहलीत घालवू नयेत.

'चिखलात राबू नये म्हणून तर पोरास शाळेत घातले,' असे पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून मुलांकडून कोणाच्याही शेतातील मजुरी करवू नये, व त्यांच्या वाफ्याचे उत्पन्न शाळेसच मिळावे. तसेच शेतीचा वारसा सांगताना 1933 ते 1939 चा चरीचा संपही सांगावा. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांची जमीन पडीक टाकली, हे ऐकणे काही जमीनदार घराण्यांस रुचणार नाही. तरी ज्यांनी बांध राखला त्यांची हकीकत गाळून बांध कसा शिकविणार?

आरंभ पांढऱ्या कांद्यापासून करावा. भातलावणी ऐन पावसात येते. कांदा मात्र भात निघाल्यावर लागतो आणि वार्षिक परीक्षेपूर्वी काढणीस येतो. अलिबागच्या या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण बियांसाठी कांदा निवडणे व पातीची वेणी घालून माळ बांधणे हे ज्ञान अजून घराघरांतील हातांतच आहे.

सभासदांनी शाळेजवळची, विहिरीचे पाणी पोहोचेल अशी गुंठाभर जागा एका हंगामापुरती द्यावी. माळ कोणी शिकवावी याचा शोध घरातच घ्यावा; बहुधा एखाद्या आजीबाईंचेच नाव निघेल. त्यांस शाळेने सन्मानाने बोलवावे, आणि मानधनही द्यावे.