हलगी मंचावर, हलगीवाला कुठे?

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव आला की कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं तालमीला लागतात. लोकनृत्य, लोकवाद्यवृंद, पथनाट्य. हलगी कडाडली की अख्खं सभागृह शिट्ट्या मारतं. आमचीही पोरं त्यात असतात, बक्षिसं आणतात आणि आम्हाला त्याचं कौतुकच आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे. त्या पोरांना हात बसवून देणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा वस्तीतला, लग्नाच्या वरातीत आणि म्हसोबाच्या जत्रेत वाजवणारा बँजो पार्टीतला नाहीतर हलगीच्या ताफ्यातला कुणी तरी. त्याला दिवसाची बिदागी मिळते. प्रमाणपत्रावर संघाचं नाव येतं, कॉलेजचं येतं. नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक उपक्रमालाही श्रेयांक आहेत, तेही विद्यार्थ्याच्या खात्यात जातात. शिकवणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

इथे आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, हलगी कशाला हवी पुन्हा? १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा, गावकीची लाचारी सोडा असं सांगितलं. १९५६ नंतर तर गावोगावी आपल्या माणसांनी वाजवणंच बंद केलं, त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. ते बरोबरच होतं. त्यांनी नाकारलं ते जातीनं लादलेलं काम, फुकट आणि हुकमावर वाजवणं. पण त्या काळात मातंग वस्तीनं वाजवणं सुरू ठेवलं म्हणून त्यांना नावं ठेवणारेही आपल्यात निघाले. ती दरी अजून बुजलेली नाही, हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे. चळवळीनं नुसतं वाद्य टाकलेलं नाही, ते बदलूनही घेतलं. सत्यशोधक जलसे साताऱ्याकडच्या गावांतून फिरले, त्यांनी तमाशातला गण-गवळणीचा साचा घेऊन भटशाहीवर आसूड ओढला. नाशिककडं भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. वामनदादा तर गावोगाव पायपीट करत गाणी पेरत गेले. आमच्या किती तरी आज्यांना अक्षर ओळख नव्हती, पण बाबासाहेब गाण्यातून पाठ होते.

आता विद्यापीठाकडं या. १९६२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ. संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे, लोककला केंद्र आहे, बाबासाहेबांच्या नावाचं संशोधन केंद्र आहे. वास्तूंची वानवा नाही. अण्णाभाऊ साठे याच विद्यापीठाच्या हद्दीतले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. शाळेत गेले दीड दिवस, आणि आज त्यांच्यावर पीएच.डी. होतात. पण उद्या अण्णाभाऊ स्वतः अर्ज घेऊन गेले तर खिडकीवरचा बाबू आधी नेट-सेट विचारणार! पदवी नसलेल्या कलावंताला निवासी कलावंत म्हणून उच्च शिक्षणात आणायची मार्गदर्शक तत्त्वं युजीसीनं २०२३ मध्येच आणली आहेत. म्हणजे नियमाची सबब चालणार नाही. हलगीवाला, पोतराजाच्या घरातला गाणारा, वाघ्या-मुरळी, जलसाकार यांना मानधनावर, नावानिशी, वर्गात उभं करा. आंबेडकरी आणि सत्यशोधक जलसा हा अभ्यासक्रम म्हणून शिकवा, एखाद्या जयंतीपुरता कार्यक्रम म्हणून नको. आणि शिकायला येणाऱ्यात राजारामपुरीतल्या पोरांबरोबर वस्तीतली, बारावी नापास झालेली पोरंही बसली पाहिजेत. विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे ते कशासाठी? संध्याकाळचे वर्ग समाजमंदिरात घ्या, विद्यापीठाच्या फाटकापर्यंत येण्याचं एसटीचं भाडंही सगळ्यांना परवडत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं ते पॅलेस थिएटर, रडायलाच हवं होतं. सरकार, महापालिका, कलावंत, सगळे धावले. पण आमच्या शाहिरांची बाडं रोज वाळवी खाते, कुणाचं बाड सुनेनं चुलीत घातलं, कुणाचं रद्दीत गेलं, त्याची बातमी कधी होत नाही. त्यात माणगाव परिषदेवरची गाणी असतील, वस्तीला पाणी तोडल्याची असतील, नामांतराची असतील. नेमकं काय गेलं ते सांगायला गाणारा माणूसच उरला नाही.

ही बाडं विद्यापीठानं जमवावीत असं म्हणताना आमची एक अट आहे. मूळ वही घरच्यांकडेच राहील. विद्यापीठानं छायाप्रत घ्यावी, ध्वनिमुद्रण करावं, त्यावर गाणाऱ्याचं, रचणाऱ्याचं आणि गावाचं नाव घालावं. कुणी त्यावर प्रबंध लिहिला तर त्याची एक प्रत त्या घरी पोचली पाहिजे. आजवर आमच्या घरातून माहिती गेली आणि पुस्तक होऊन आलं ते दुसऱ्याच्या नावानं, हा अनुभव ताजा आहे.

तेव्हा मित्रांनो, कुलगुरूंना निवेदन द्यायला मोकळ्या हातानं जाऊ नका. येत्या १ ऑगस्टच्या आत आपापल्या तालुक्यातल्या वस्त्या फिरा. कुणाकडं बाड आहे, कोण अजून गातो, कुणाला हलगीचे किती हात येतात, वय काय, फोन कुणाचा, सगळं वहीत लिहा. मातंग वस्तीत आधी जा. ती यादी निवेदनाला जोडूनच आत जायचं.